कोऱ्या टीटी फॉर्मवरची सही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या अंकात छोट्या जाहिरातींचं पान असतं. ‘पिकअप, २०१६, सिंगल ओनर, कागदपत्रे क्लिअर, त्वरित विकणे आहे’ अशी एखादी ओळ त्यात हमखास असते. ‘कागदपत्रे क्लिअर’ हे दोन शब्द दिसले की माझ्या पोटात अजून गोळा येतो. अशाच एका गाडीपायी मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवते आहे. दावा दाखल होऊन तीन वर्षं होत आली. गाडी कुणाची, एवढाच त्यातला प्रश्न. उत्तर सोपं असेल असं मलाही आधी वाटलं होतं.

आम्ही तासगाव तालुक्यातले. द्राक्षबाग दीड एकर. बाकी पोट बेदाण्याच्या वाहतुकीवर. शेडवरून पंधरा किलोचे बॉक्स भरायचे, कोल्ड स्टोरेजला पोचवायचे, सौद्याच्या दिवशी तिथून मार्केटला आणायचे. माझे यजमान दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. ते गेल्यावर मुलगा त्याच गाडीवर लागला. दुसऱ्याच्या गाडीवर किती दिवस राबायचं, म्हणून डिसेंबर २०२० मध्ये, हंगाम तोंडावर असताना आम्ही जुनी पिकअप घेतली. किंमत ठरली ४ लाख ३५ हजार. पतसंस्थेनं अडीच लाख कर्ज दिलं, ते खात्यावरून गेलं. उरलेले १ लाख ८५ हजार रोख दिले. त्यात माझ्या पाटल्यांचे पैसे होते. रोख दिल्याची पावती मागायला हवी होती, मी मागितली नाही. आज कोर्टात माझ्याकडे पुरावा आहे तो फक्त अडीच लाखांचा.

गाडी जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्याच्यावरचा फसवणुकीचा खटला वेगळा चालू आहे. त्यानं शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करार केला, नोटरीचा शिक्का मारून दिला, दोन चाव्या दिल्या, मूळ आरसी दिलं आणि एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये फॉर्म नंबर २९ आणि ३० दिले. हे गाडीची मालकी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म, आमच्याकडे सगळे त्यांना टीटी फॉर्म म्हणतात. मूळ मालकाच्या निळ्या शाईतल्या सह्या त्यांवर जागच्या जागी होत्या. गाडी घेणाऱ्याच्या नावाची जागा मात्र रिकामी होती, तारखेचीही. मी विचारलं, तर म्हणाला, “काकी, फायनान्सचं एनओसी पंधरा दिवसांत येतंय. बोजा उतरला की तुमचं नाव घालू, लगेच टीटी होईल. सही झालेली आहे, मग काळजी कसली?”

मला खरंच काळजी वाटली नाही. सातबाऱ्यावरचा बोजा काय असतो ते मला कळतं. आमच्या शेतावर दोनदा चढला, दोनदा उतरला. गाडीवरचा बोजाही तसाच उतरेल असं मी धरून चालले. आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव छापलेलं होतं, ते मी वाचलंही होतं. पण सोसायटीचा बोजा असताना शेत विकायला निघालं, तर मी तलाठ्याला विचारल्याशिवाय एक रुपया दिला नसता. तीच मी गाडीच्या बाबतीत कुणाला विचारायला गेले नाही.

पंधरा दिवसांचे आठ महिने झाले. त्या हंगामात मुलानं गाडी रात्रंदिवस चालवली. पतसंस्थेचा ८ हजार २०० रुपयांचा हप्ता एकदाही चुकला नाही. व्यापाऱ्याला फोन केला की, “होतंय, होतंय.” मग २०२१च्या नागपंचमीच्या आदल्या दिवशी, लेक माहेरी आली होती, सकाळी सात वाजता दारात पोलिसांची जीप उभी राहिली. मूळ मालकानं सातारा जिल्ह्यात तक्रार दिली होती. माझी गाडी विकायला म्हणून नेली, पैसे दिले नाहीत, दिलेला चेक परत आला, अशी. तपासात गाडी आमच्या दारात सापडली. मुद्देमाल म्हणून पंचनामा झाला, चावी घेतली आणि गाडी गेली. पोलीस आमच्याशी नीट वागले, हे मला लिहिलंच पाहिजे. पण शेजारीपाजारी जमले होते आणि पंचनाम्याच्या कागदावर ‘मुद्देमाल’ या शब्दाखाली आमच्या गाडीचा नंबर होता. लेक त्या वर्षी पंचमीच्या फेराला गेली नाही.

पुढे सात महिने गाडी त्या ठाण्याच्या आवारात करंजाच्या झाडाखाली उभी होती. मी तारखेला गेले की आधी तिच्याकडे जायची. पहिल्या खेपेला काच पुसली. दुसऱ्या खेपेला मागचा एक टायर बसलेला. तिसऱ्या खेपेला बॅटरी नव्हती. उभ्या गाडीचा विमा संपला, पासिंग संपलं. २०२२चा हंगाम त्यातच गेला. फेब्रुवारी ते एप्रिल हे तीन महिने आम्हाला वर्षाची भाकरी देतात. त्या वर्षी मुलगा पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर गेला आणि त्याच्या पगारातून आम्ही उभ्या गाडीचा हप्ता भरला.

आमच्या वकीलसाहेबांनी तेव्हा ‘सुंदरभाईचा निकाल’ असा शब्द वापरला. मला वाटलं, कुणी मध्यस्थ असेल. तो सर्वोच्च न्यायालयाचा २००२ सालचा निकाल निघाला, सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य. जप्त केलेल्या गाड्या पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षं कुजवत ठेवण्यात काही अर्थ नाही. पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र आणि हमी घ्या आणि गाडी ताब्यात द्या, असं त्यात सांगितलं आहे. मुद्देमाल पंधरा दिवस ते महिनाभर, त्याहून जास्त ठेवू नका, असंही आहे. वीस वर्षांपूर्वी इतकं स्पष्ट सांगून झालं आहे. तरी कुठल्याही ठाण्याच्या आवारात जाऊन पाहा, वेल चढलेल्या गाड्या दिसतील. त्यातल्या प्रत्येक गाडीमागे कुणाचा तरी हप्ता चालू असेल, असं आता माझ्या मनात येतं.

गाडी सोडवायला दोन अर्ज झाले, एक माझा आणि एक मूळ मालकाचा. मार्च २०२२ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे निकालापर्यंत सांभाळायला म्हणून लिहून घेऊन, मूळ मालकाला दिली. आरसीवर त्यांचं नाव होतं, फायनान्सचा करारही त्यांच्याच नावावर होता. गाडी विकायची नाही, रंगरूप बदलायचं नाही, बोलावलं की हजर करायची, या अटींवर. हा मालकीचा निकाल नाही, मालकी दिवाणी न्यायालयात ठरेल, असं आदेशात लिहिलं होतं. वकीलसाहेबांनी मला ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं. मी फक्त आवारातून बाहेर जाणाऱ्या गाडीकडे बघत होते. पाठीमागच्या फाळक्यावर यजमानांचं नाव आम्ही रंगवून घेतलं होतं.

त्या दिवसापर्यंत मूळ मालक म्हणजे माझ्या लेखी वैरी होता. नंतर मी दिवाणी दावा लावला. त्यात व्यापारी पहिला प्रतिवादी, मूळ मालक दुसरे, फायनान्स कंपनी तिसरी. एका तारखेला न्यायाधीश रजेवर होते. आम्ही दोघंही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. ते खटाव तालुक्यातले शेतकरी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, एसटीनं आलेले. त्यांनीच विचारलं, “ताई, तुम्ही त्याला पैसे किती दिले?” मी आकडा सांगितला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मला त्यानं तीन लाख ऐंशी हजारांचा चेक दिला होता. पुढच्या तारखेचा. आणि गिऱ्हाईक आलं की अडायला नको म्हणून फॉर्मवर सह्या करून ठेवा म्हणाला. मी केल्या.”

मी पिशवीतनं फॉर्मच्या झेरॉक्स काढून त्यांच्यापुढे धरल्या. चष्मा लावून त्यांनी सहीवर बोट ठेवलं. “ही माझीच. पण दादा, इथं नाव कुणाचं घालायचं, असं मला कुणी विचारलंच नाही.” दादा ते स्वतःलाच म्हणत होते. गाडी हातात नसताना ते महिन्याला ११ हजार ४०० रुपयांचा फायनान्सचा हप्ता भरत होते. भरला नसता तर बँका त्यांना पुढं दारात उभं करत नव्हत्या, पीककर्जसुद्धा मिळालं नसतं. म्हणजे एकाच गाडीचे दोन हप्ते दोन घरांतून चालू होते आणि गाडी करंजाखाली उभी होती.

संपादक महाशय, मी हे पत्र लिहिते आहे ते या कोऱ्या फॉर्मसाठी. व्यापाऱ्यानं फसवलं, त्याला शिक्षा होईल तेव्हा होईल. पण त्याला फसवता आलं ते त्या रिकाम्या जागेमुळे. आणि ती रिकामी जागा आमच्या एकाच व्यवहारातली नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात ती पद्धतच आहे. व्यापारी गाडी स्वतःच्या नावावर करत नाही, कारण केली तर आरसीवर एक मालक वाढतो आणि भाव पडतो. ‘सिंगल ओनर’ हे शब्द त्याला विकायचे असतात. त्यामुळे गाडी दोन-तीन हातांतून फिरते आणि कागदावर पहिल्याच माणसाची राहते. मूळ सही असलेला कोरा फॉर्म धनादेशासारखा या हातातून त्या हातात जातो.

दाव्याच्या निमित्तानं मला कायदा थोडा वाचावा लागला. बारावीपर्यंतच शिकलेली बाई आहे मी, पण समजलं ते लिहिते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत. या कलमाच्या शब्दांवर आमच्या वकीलसाहेबांचा भर आहे. मालकी बदलल्यापासून इतक्या दिवसांत कळवा, असं कलम म्हणतं. म्हणजे मालकी आधी बदलते आणि नोंद मागाहून होते. शिवाय १९३०च्या मालविक्री कायद्यात कलम २७ आहे. विकणारा स्वतः मालक नसेल तर घेणाऱ्याला मालकी मिळत नाही, हा नियम. पण मालकाच्या संमतीनं माल ज्याच्या ताब्यात आहे अशा व्यापारी दलालानं नेहमीच्या धंद्यात तो विकला आणि घेणाऱ्यानं प्रामाणिकपणे घेतला, तर ती विक्री टिकते, हा त्याच कलमातला अपवाद. गाडी, आरसी, चावी आणि सही केलेले फॉर्म हे सगळं मूळ मालकानंच त्याच्या हाती दिलं होतं, असं आमचं म्हणणं.

समोरच्या बाजूचं म्हणणंही पोकळ नाही. मोटार वाहन कायद्यात ‘मालक’ शब्दाची व्याख्याच अशी आहे की ज्याच्या नावावर नोंद तो मालक. फायनान्सची संमती नसताना गाडी विकता येत नव्हती. चेक वटला तरच व्यवहार पुरा, असं त्यांचं ठरलं होतं. आणि माझ्या स्टॅम्प पेपरवर विकणारा म्हणून व्यापाऱ्याचं नाव आहे, त्यांचं नाहीच. हे ऐकलं तेव्हा मी फोल्डर उघडून पुन्हा पाहिलं. खरंच नव्हतं. आठ महिने तो कागद माझ्या कपाटात होता.

कोर्टाला जो निवाडा द्यायचा तो कोर्ट देईल. मला बोलायचं आहे ते दुसऱ्या एका गोष्टीबद्दल, आणि ती मला रात्री जागं ठेवते. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ६ फेब्रुवारी २०१८ रोजी एक निकाल दिला. एक मोटार २००७ पासून एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकली जात होती. आरसीवर नाव पहिल्याचंच. मे २००९ मध्ये तिच्या खाली एक जण मेला. पहिला मालक म्हणाला, मी गाडी कधीच विकली आहे. न्यायालय म्हणालं, ज्याचं नाव नोंदीत आहे तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातात सापडलेल्या माणसानं गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत फिरायचं का, असं त्यामागचं कारण आहे, आणि ते मला पटतं.

पण मग आमचे ते आठ महिने आठवतात. त्या वर्षी मार्चमध्ये मणेराजुरीच्या पुढे एका वळणावर मुलाच्या गाडीची एका मोटरसायकलीला घास लागली. पोराचा गुडघा फुटला, दवाखान्याचं बिल आम्ही दिलं, तिथंच मिटलं. ते तिथं मिटलं नसतं, तर खटावचा तो माणूस, ज्याला माझा मुलगा कोण हेही माहीत नव्हतं, भरपाईच्या दाव्यात उभा राहिला असता. एका कोऱ्या फॉर्मवर सही करून त्यांनी गाडी गमावली आणि जोखीम तेवढी घरी ठेवली. मी तोच फॉर्म घेऊन जोखीम त्यांच्या डोक्यावर टाकली आणि मालकी मात्र मिळवली नाही.

नवी गाडी आता नंबर पडल्याशिवाय शोरूममधून मालकाच्या ताब्यात देता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनं कायद्यातच ते घातलं आहे. लोकांना चार दिवस थांबावं लागतं, थांबतात. मग जुन्या गाडीलाच घाई का? फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव लिहिलेलं नाही, फायनान्सचा बोजा उतरलेला नाही, तोवर चावी हलता कामा नये. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राचे नवे नियम आहेत. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्यानं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं. मालकानं गाडी त्याच्या ताब्यात दिली की तसं कळवायचं, आणि त्यानंतर ती व्यापाऱ्याची जबाबदारी. हा नियम २०२० मध्ये असता तर खटावचे ते गृहस्थ सुटले असते आणि मलाही नोंदीत दिसलं असतं की गाडी कुणाच्या हातात आहे. नियम चांगला आहे. पण मागच्या महिन्यात भाच्यासाठी गाडी बघायला मी त्याच्याबरोबर चार ठिकाणी फिरले. चारही ठिकाणी मी अधिकारपत्र दाखवा म्हटलं. एकानं दाखवलं. दोघांना शब्द माहीत नव्हता. चौथा म्हणाला, “मावशी, एवढं कुणी विचारत नाही.” आणि त्याच्या टेबलावर, काचेखाली नाही की ड्रॉवरमध्ये नाही, उघड्यावर, सह्या केलेल्या टीटी फॉर्मचा गठ्ठा होता. वर पाण्याची बाटली ठेवलेली, कागद उडू नयेत म्हणून.

मालकी बदलाचा अर्ज आता ऑनलाइन भरतात, मोबाइलवर ओटीपी येतो. त्यामुळे कोरा फॉर्म आपोआप बंद होईल, असं मला काही जण सांगतात. मला तसं दिसत नाही. गाडी आणि पैसे यांची अदलाबदल अजून फॉर्मवरच होते, ऑनलाइनचं ‘नंतर बघू’. आणि ज्या माणसानं कोऱ्या कागदावर सही केली, तो ‘काका, एक ओटीपी आलाय तो सांगा’ म्हटल्यावर सांगणार नाही का? त्यासाठी आरटीओनं आणि पोलिसांनी मिळून या अड्ड्यांवर जाऊन गठ्ठे तपासले पाहिजेत. घेणाऱ्याचं नाव नसलेला सही केलेला फॉर्म व्यापाऱ्याकडे सापडला, तर तेवढ्यावरून कारवाई झाली पाहिजे.

विकणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. समोर घेणारा उभा नाही आणि त्याचं नाव तुमच्या डोळ्यांदेखत लिहिलं जात नाही, तोवर सही करू नका. घेणाऱ्यांना एवढंच, की मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला तर नोंद, विमा, पासिंग आणि बोजा दिसतो. मला हे २०२२ मध्ये कोर्टाबाहेर एका वकिलाच्या मदतनिसानं दाखवलं. दोन मिनिटं लागली. बोजा आहे असं दिसलं तर फायनान्सच्या शाखेत स्वतः जा, बाकी किती आहे ते विचारा आणि तेवढे पैसे थेट तिथं भरा, मधल्या माणसाच्या हातात नको. रोख देऊच नका.

खटावच्या त्या काकांची उलटतपासणी पुढच्या तारखेला आहे. ती माझेच वकील घेणार. आम्ही दोघं अजून बाकावर बसून बोलतो. तडजोड करा, असं दोन्हीकडचे सांगतात. पण गाडीची आजची किंमत आमच्या दोघांच्या नुकसानीच्या निम्मीही नाही. ती वाटून कुणाचंच भागत नाही, म्हणून दावा चालू आहे.

तुमच्याकडे एक मागणं आहे. जुन्या वाहनांच्या जाहिराती ज्या चौकटीत छापता, तिच्या डोक्यावर दर रविवारी दोन ओळी छापाव्यात: ‘टीटी फॉर्मवर घेणाऱ्याचे नाव लिहिल्याशिवाय सही करू नये व गाडी ताब्यात घेऊ नये. व्यापाऱ्याचे आरटीओ अधिकारपत्र पाहावे.’ जागेचे पैसे लागत असतील तर तसं कळवावं. पहिल्या महिन्याचे मी भरीन, आणि काकाही निम्मे द्यायला तयार आहेत, त्यांना विचारून लिहिते आहे.

आपली एक वाचक,
ता. तासगाव, जि. सांगली

(दावा चालू असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)